खालच्या काकू

इमारतीत तिला सगळे कवळीवाली म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या तयार करून देणाऱ्या एका छोट्या कारखान्यात ती लग्नाआधीपासून कामाला होती. डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडांचे ठसे येत. त्यांत प्लास्टर ओतून साचा काढायचा, साच्यावर मेणाच्या हिरड्या बसवायच्या आणि मेणात एकेक दात रोवायचा. हिचं काम दात रोवायचं. नवी मुलगी कामाला लागली, की सगळे दात एका रेषेत, कवायतीला उभे केल्यासारखे बसवायची. ही तिला सांगायची, एखादा जरा तिरका ठेव, नाहीतर माणूस हसला की नाटकातला वाटतो.

सासूबाईंची कवळीही तिनेच केली होती. सासूबाई धडधाकट होत्या आणि बोलण्यात कुणाला ऐकत नव्हत्या, तेव्हा ती कारखान्यात म्हणायची, "माझ्याच हातचे दात, आणि मलाच चावायला वापरतात." सगळ्या हसायच्या. हा विनोद तिने आता बरेच दिवस केला नव्हता. सासूबाई आता कुणाला चावत नव्हत्या. कवळी काढून हातात घ्यायच्या आणि ही कुणाची म्हणून विचारत बसायच्या.

विसरणं हळूहळू सुरू झालं. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. एकदा घरच्या सपाता घालून त्या जिना उतरल्या आणि बसच्या थांब्यावर जाऊन बसल्या. ओळखीचा कंडक्टर होता म्हणून परत आल्या. मुलगा बसचा ड्रायव्हर असल्याचा तेवढा एक फायदा. दुसऱ्यांदा त्यांनी गॅस पेटवून रिकामं पातेलं त्यावर ठेवलं आणि आपल्या खोलीत जाऊन झोपल्या. कवळीवाली कामावरून आली तेव्हा स्वयंपाकघरात काळा धूर, आणि पातेल्याचं बूड वितळायच्या बेताला आलेलं.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी नवऱ्याने आईच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी बसवली. बसवली ती नीट, मोजमाप घेऊन, आवाज होऊ नये म्हणून तेलसुद्धा घातलं. पण ती कधी लावली मात्र नाही. "तू लाव," तो म्हणाला. "मला नाही बघवत." म्हणजे बघवत नाही त्याने बसवायची, आणि बघवतं की नाही हे जिला कुणी विचारलं नाही, तिने लावायची.

सुरुवातीला कडीची गरज क्वचितच पडे, कारण खालच्या मजल्यावरच्या काकू दुपारभर येऊन बसत. काकू एकट्या होत्या, बोलक्या होत्या, आणि ऐकणारं माणूस दर दहा मिनिटांनी सगळं विसरतं याचा त्यांना उलट आनंदच होता. त्यांच्या बहिणीच्या लग्नाची एकच गोष्ट त्यांना रोज नव्याने सांगता यायची. पण हिवाळ्यात काकूंचे गुडघे पार गेले, आणि त्यांचा मुलगा येऊन त्यांना आपल्या घरी घेऊन गेला. जाताना काकू रडल्या. सासूबाईंनी त्यांना विचारलं, "आपण कोण?"

तेव्हापासून कडी रोज लागू लागली. सकाळी नवरा ड्युटीवर, मुलगी शाळेत, आणि ही कारखान्यात. खोलीत सगळं होतं. पाणी, बिस्किटं, मंद आवाजात रेडिओ, कमोडची खुर्ची, जाळी बसवलेली खिडकी. तरी ते कोंडणंच होतं, आणि तिला ते माहीत होतं.

नणंदेला मात्र माहीत नव्हतं. नणंद शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, बँकेत होती, नवऱ्यापेक्षा मोठी, तिचं येणं व्हायचं नाही, पण दर रविवारी फोन यायचा. आईची चौकशी झाली की शेवटी एकच प्रश्न: "एकटी नाही ना ठेवत तिला?" आणि कवळीवालीचं एकच उत्तर: "छे हो ताई, आईंजवळ खालच्या काकू असतात ना." काकू होत्या तोवर हे खरंच होतं. काकू गेल्यावर पहिल्या रविवारी ती सवयीने तसंच म्हणाली. दुसऱ्या रविवारी, आता मागच्या वेळचं कसं फिरवायचं म्हणून म्हणाली. तिसऱ्या रविवारपासून तिला काही वाटेनासं झालं. फोन स्वयंपाकघरात होता, आणि फोन चालू असताना मुलगी तिथेच टेबलावर अभ्यास करत असायची.

नणंदेने एकदा स्पष्टच सांगून ठेवलं होतं, की आई एकटी असते असं ज्या दिवशी कळेल, त्या दिवशी मी तिला संस्थेत नेऊन ठेवीन, मग कुणी आडवं येऊ नका. ती संस्था नवरा-बायको एकदा बघून आले होते. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना खाटा, भिंतीवर टीव्ही, आणि टीव्हीकडे तोंड करून बसलेल्या बायका, ज्यांपैकी कुणीच टीव्ही बघत नव्हतं. नवरा बाहेर येऊन रस्त्यावर ओकला होता. आईला तिथे जावं लागलं तर मी घर सोडून जाईन, असं तो म्हणाला, आणि तो उगाच बोलणाऱ्यातला नव्हता. कवळीवालीला आतल्या आत कधीकधी वाटे, की न्यावं एकदाचं नणंदेने. मग ती स्वतःलाच दचकून दुसऱ्या कामाला लागे.

मुलीचं नाव काही का असेना, घरात तिला भिंगरी म्हणत. आठ वर्षांची, एका जागी बसेल तर शपथ. शिवाय नकला करायची. शाळेतल्या बाई, दूधवाला, लिफ्ट बंद पडली की वरच्या मजल्यावरचे आजोबा कसे पायऱ्यांशी भांडतात ते, सगळं हुबेहूब. घरात तिच्या नकलांना सगळे हसत. आईची नक्कल तिने कधी केली नव्हती, निदान आईसमोर तरी.

शहराचा कला महोत्सव सुरू झाला तसा नणंदेचा फोन आला. मुलांसाठी मोठं दालन आहे, भिंगरीला घेऊन जाते म्हणाली. भिंगरीने हट्ट धरला की आईही हवी. नवऱ्याची त्या दिवशी सुट्टी होती, तो घरी थांबणार होता, म्हणून कवळीवालीने हो म्हटलं. सकाळी डेपोतून निरोप आला, की महोत्सवाच्या गर्दीसाठी जादा गाड्या सोडायच्या आहेत, लगेच या. नवरा गणवेश चढवता चढवता म्हणाला, "जाऊन या तुम्ही. दोन तासांचा तर प्रश्न आहे." दाराकडे न बघता गेला.

तिने न जाण्याचं कारण शोधलं. डोकं दुखतंय म्हणावं, तर नणंद म्हणेल मग आईला भेटायलाच येते. उलट तिकडे जाऊन तिथूनच तिला परत पाठवणं सोयीचं. तिने सासूबाईंना खाऊ घातलं, पाणी ठेवलं, रेडिओ लावला आणि कडी घातली. भिंगरी बूट घालत होती.

महोत्सव जुन्या गोदामांच्या आवारात भरला होता. एका गोदामात चित्रं, एकात मातीकाम, मधल्या अंगणात उंच काठ्यांवर चालणारा माणूस आणि त्याच्यामागे पोरांची झुंड. नणंद फाटकापाशीच उभी होती, नेहमीसारखी इस्त्रीतून नुकतीच निघाल्यासारखी. तिने भिंगरीला जवळ घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "आईजवळ कोण आहे? तो आज घरी आहे ना?"

"त्यांना अचानक ड्युटी लागली," कवळीवाली म्हणाली. "पण खालच्या काकू आहेत."

"काकू म्हणजे देवमाणूस," नणंद म्हणाली.

मुलांचं दालन सगळ्यात शेवटच्या गोदामात होतं. तिथे फ्रिज आणि कपाटांची मोठाली रिकामी खोकी आणून ठेवली होती आणि मुलांनी त्यांतून आपापलं घर बनवायचं होतं. केशरी एप्रन घातलेली एक तरुण मुलगी खोक्याला दारं-खिडक्या कापून देत होती. मोठ्यांनी दोरीच्या बाहेर थांबायचं, कारण मोठे आत आले की घरं मोठ्यांचीच होतात, असं ती हसून सांगत होती. घर झालं, की मुलांनी दोरीबाहेरचा एक पाहुणा आत बोलवायचा.

दोरीबाहेर आई-बापांची गर्दी होती. कुणाच्या मुलाने गच्ची केली होती, कुणी घराला चाकं लावली होती. भिंगरीने मात्र उंच खोकं घेतलं आणि त्याला एक दार आणि एक छोटी खिडकी, एवढंच काढून घेतलं. खिडकीवर तिने चिकटपट्टीच्या उभ्या-आडव्या पट्ट्या मारल्या. मग दाराला दोन ठिकाणी भोकं पाडून दोऱ्याच्या कड्या बांधायला लागली. एप्रनवाली जवळ गेली आणि म्हणाली, की कडी आतून लावायची असते बाळा, नाहीतर तू घरात कशी बसणार?

"आमच्याकडे बाहेरून असते," भिंगरी म्हणाली.

कवळीवालीला ते ऐकू गेलं. नणंद शेजारीच उभी होती, पण ती पर्समध्ये चष्मा शोधत होती.

"भिंगरे, चल आता, पाणी पिऊन घे," कवळीवालीने हाक मारली. भिंगरीने ऐकलंच नाही. तिने दोरीकडे येऊन आत्याचा हात धरला.

"आत्या, तू ये. आई नको, आईला येतं सगळं. मला आजी पाहिजे, तू आजी हो."

नणंदेला कौतुक वाटलं. तिने चपला काढल्या, गुडघ्यांवर हात ठेवत खोक्यात शिरली आणि आत मांडी घालून बसली. भिंगरी दारात उभी राहिली. एक हात चौकटीवर, दुसऱ्या हातात पिशवी असावी तसा. आणि ती बोलायला लागली तेव्हा तो आवाज आठ वर्षांच्या मुलीचा नव्हता.

"हे बघा आई, पाणी इथे ठेवलंय. बिस्किटं इथे. रेडिओ चालू आहे, त्याला हात नाही लावायचा. मी आलेच. तुम्ही डोळे मिटून उघडलेत, की मी आलेच."

तिने दार लोटलं, दोऱ्याच्या दोन कड्यांमधून पेन्सिल सरकवली. पेन्सिल सरकवताना तिने श्वास रोखून धरला, आवाज होऊ नये म्हणून. मग दोन पावलं चालली. परत आली. पेन्सिल ओढून बघितली. आणि दाराला कपाळ टेकवून क्षणभर तशीच उभी राहिली.

कवळीवालीने दोरी घट्ट धरली. आपण रोज दाराला कपाळ टेकवतो, हे तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

"आत्या, आता तू दार वाजवायचं," भिंगरी आपल्या आवाजात म्हणाली. "आणि म्हणायचं, अगं, मला बाहेर घे."

आतून नणंदेने हसत हसत पुठ्ठा वाजवला. अगं, मला बाहेर घे, असंही म्हणाली. दोरीबाहेरचे लोक हसले.

"अजून," भिंगरी म्हणाली. "आजी खूप वेळ वाजवते."

पुठ्ठा परत वाजला नाही. एप्रनवालीला काहीच कळलं नव्हतं. ती कवळीवालीकडे वळून म्हणाली, की काय निरीक्षण आहे हो तुमच्या मुलीचं, हिला नाटकात घाला. मग तिनेच पेन्सिल काढून दार उघडलं.

नणंद बाहेर आली. केसांना चिकटपट्टीचा तुकडा अडकला होता, तो तिला समजलाही नाही. ती भिंगरीसमोर उकिडवी बसली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"भिंगरे, खरं सांग हं. आजीला असं कोंडून ठेवतात?"

भिंगरीने आईकडे पाहिलं. आपण त्या वेळी काय केलं, हे कवळीवालीला नंतर कितीदा आठवून पाहिलं तरी ठरवता आलं नाही. मान हलवली नव्हती, एवढं नक्की. डोळे मोठे केले नव्हते. पण चेहऱ्यावर काहीतरी झालं असणार, कारण भिंगरीने ते वाचलं.

"नाही गं आत्या," ती म्हणाली. "हा खेळ आहे. छे, आजीजवळ खालच्या काकू असतात ना."

सूरसुद्धा तोच होता, रविवारच्या फोनवरचा. तो 'छे' ही तसाच, जरा ओढलेला.

नणंदेने डोळे मिटून घेतले आणि मोठा श्वास सोडला. "घाबरवलंस ना मला," म्हणत तिने भिंगरीचा गाल ओढला, आणि वहिनीकडे बघून ओशाळं हसली. म्हणाली, की बघ ना, आपलीच माणसं आणि मी काय काय मनात आणलं. कवळीवालीच्या जिवात जीव आला. खोटं कशाला, तिला इतकं हलकं वाटलं की हसू आलं. वाचलो, एवढा एकच शब्द तिच्या डोक्यात होता.

तिघी बाहेर अंगणात आल्या. आइस्क्रीम घेतलं. नणंद आता मोकळी झाली होती, मघाच्या संशयाची भरपाई करायची म्हणून असेल, काकूंबद्दलच विचारत सुटली. आणि भिंगरी सांगत सुटली. काकू आजीला पेपर वाचून दाखवतात. आजी झोपली की विणत बसतात. काय विणतात? मोजे, पण एकाच पायाचा, दुसरा विसरतात. नणंद खळखळून हसली. काकूंकडे मांजर आहे, ते आजीच्या मांडीवर बसतं. रंग? पांढरा, पण शेपूट काळी, म्हणजे पूर्ण काळी नाही, फक्त टोक.

कवळीवाली दोन पावलं मागून चालत होती. काकूंकडे मांजर कधीच नव्हतं. काकूंना मांजराची शिसारी होती. ती आपल्या मुलीची मागून दिसणारी मान बघत होती. ताठ, सरळ, आइस्क्रीम सांडू नये म्हणून जराशी पुढे झुकलेली. मुलगी घाबरली असती, अडखळली असती, तर तिला बरं वाटलं असतं. पण भिंगरीला मजा येत होती. शेपटीचं टोक काळं, हे सांगताना ती थांबली होती, आठवल्यासारखं करून. मघाचं हलकं वाटणं कुठे गेलं ते कळलंच नाही. तिच्या हातातलं आइस्क्रीम वितळून मनगटावर ओघळत होतं.

मातीकामाच्या दालनात एक बाई भाजलेले कप विकायला घेऊन बसली होती. नणंद थांबली. "काकूंना काहीतरी घेऊ या. आपल्या आईचं इतकं करतात बिचाऱ्या. निळा घ्यायचा की हिरवा, भिंगरे? काकूंना कुठला आवडेल?"

भिंगरीने दोन्ही कप हातात घेऊन पाहिले, मान वाकडी करून. "हिरवा," ती म्हणाली. "काकूंना हिरवा खूप आवडतो."

"काकू नाहीत, ताई," कवळीवाली म्हणाली.

नणंदेला वाटलं कपाबद्दलच काहीतरी आहे. "नाहीत म्हणजे?"

"काकू हिवाळ्यातच मुलाकडे राहायला गेल्या."

"मग आईजवळ कोण आहे?"

"कुणी नाही. मी कडी लावून आलेय. रोज लावते." आणि मग, नणंद काही बोलायच्या आत, जे तिला खरं म्हणजे बोलायचं होतं ते ती बोलली. "हिने तुम्हाला मघाशी दाखवलं ते सगळं खरं. नंतरचं खोटं. ते तिने माझ्यासाठी सांगितलं. तिला काही बोलू नका."

कप विकणारी बाई दुसरीकडे बघू लागली. नणंदेने हातातला हिरवा कप अगदी जपून, जिथून उचलला होता तिथेच ठेवला. भिंगरी आईकडे बघत राहिली. चोरी आईची पकडली गेली होती, पण रडायला भिंगरी लागली. "मी नीट सांगितलं होतं ना," ती म्हणाली. "मी सगळं नीट सांगितलं होतं. तू कशाला बोललीस?"

टॅक्सीत भिंगरी मध्ये बसली होती, आणि तिचे हुंदके थांबले तरी खांदे मधूनच उडत होते. घरी नणंद जिना पुढे होऊन चढली. बाहेरच्या दाराचं कुलूप कवळीवालीने काढलं, आणि आतल्या दारापाशी दोघी थांबल्या. कडी उघडायला नणंदेचा हात पुढे झाला नाही, का तिला आधी नीट बघून घ्यायचं होतं, कोण जाणे. शेवटी तिने ती उघडली. तेल घातलेली कडी, आवाज झाला नाही.

सासूबाई पलंगावर बसल्या होत्या, एका पायात सपात, दुसरी मांडीवर. बिस्किटं खिडकीच्या कठड्यावर ओळीने मांडलेली. रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं. त्यांनी नणंदेकडे पाहिलं आणि सभ्यपणे म्हणाल्या, "या, बसा. सून बाहेर गेलीय माझी. येईल इतक्यात."

नणंद बसली नाही. ती वळून, दार जरा पुढे ओढून, त्याच्या आतल्या बाजूकडे बघत होती. हाताच्या उंचीवर, दोन तळव्यांएवढ्या जागेतला रंग उडून खालचं लाकूड दिसत होतं, हात लागून लागून गुळगुळीत झालेलं. तिने त्यावर आपला हात ठेवला. कवळीवाली रोज दोन वेळा ते दार उघडायची, पण उघडलेल्या दाराची ती बाजू भिंतीकडे जायची, आणि हे तिनेही आजच पाहिलं.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा व्हायचं ते भांडण झालं. नणंद म्हणाली, तुम्ही जनावर पाळल्यासारखं केलंत. नवरा म्हणाला, तू रविवारी फोन करून काय उजेड पाडलास. ती म्हणाली, उद्या संस्थेत नेते. तो म्हणाला, नेऊन दाखव. या सगळ्यात सासूबाई मध्येच बाहेर येऊन, हे कोण भांडताहेत, पोलिसांना बोलवा, असं म्हणून गेल्या. कडीवर बोट ठेवून नवऱ्याने, ही मी बसवली, असं एकदा तरी म्हणावं अशी कवळीवाली वाट बघत होती. तो तसं म्हणाला नाही.

नणंद खरंच संस्थेत जाऊन आली. तिथे काय पाहिलं ते तिने कुणाला सांगितलं नाही, पण त्यानंतर संस्थेचं नाव काढलं नाही. पुढच्याच आठवड्यात ती स्क्रू काढायचं हत्यार पर्समध्ये घालून आली आणि कडी काढून घेऊन गेली. बँकेतून तिने आठवड्यातले तीन दिवस अर्धी रजा घेतली, उरलेल्या दिवसांसाठी नवऱ्याने ड्युट्या बदलून घेतल्या. जे आधीच करता आलं असतं, ते असं झालं. सासूबाईंचं बरं चाललं. नणंदेला, म्हणजे स्वतःच्याच लेकीला, त्या 'बाई' म्हणत, तिच्या हातून जेवत, आणि सून आली की तिच्याकडे बाईंची तारीफ करत.

फक्त नणंद कवळीवालीशी बोलेनाशी झाली. भांडण नाही, टोमणा नाही, समोर बघून एक शब्द नाही. जे काही असेल ते भिंगरीमार्फत. आईला सांग, औषध संपत आलंय. आईला सांग, मी उद्या येणार नाही. भिंगरी या खोलीतून त्या खोलीत निरोप पोचवत फिरायची, आणि दोन्हीकडे तिचं कौतुकच व्हायचं.

एकदा कवळीवाली कामावरून जरा लवकर आली. बाह्यांवर प्लास्टर, बोटांना मेणाचा वास. बाहेरच्या खोलीत चपला काढायला वाकली, तेवढ्यात स्वयंपाकघरातून नणंदेचा आवाज आला. तो हळू नव्हता, तिने हळू ठेवलाही नव्हता.

"सांग तुझ्या आईला, माणूस कोंडायला जसा वेळ मिळत होता, तसा आजीची गादी उन्हात घालायलाही मिळाला असता."

भिंगरी स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आली. मधे चारच पावलांचं अंतर. ती आईसमोर उभी राहिली, केस कानामागे सारले, आणि शाळेत कविता म्हणताना असतो तसा तिचा चेहरा स्वच्छ होता.

"आई, आत्या म्हणतेय, तू दमली असशील. चहा टाकू का?"

कवळीवाली तिच्याकडे बघत राहिली. आपल्याला सगळं ऐकू आलं, हे पोरीला कळतं की नाही, ते तिला कळेना. त्या दिवशी कपांच्या दुकानासमोर तिने तोंड उघडलं होतं ते याच पोरीसाठी. आता परत उघडावं तर समोर नणंद नव्हती, भिंगरीच होती, आणि ती उत्तराची वाट बघत होती.

"टाक म्हणावं," ती म्हणाली.

भिंगरी आत गेली. "आत्या," तिचा आवाज आला, "आई म्हणतेय, तू आमच्यासाठी किती करतेस."

स्वयंपाकघरात नळ सुटला, आणि कुणीतरी पातेलं गॅसवर ठेवलं.